घोड्यावरचा तो मीच

शुक्रवार, ८ नोव्हेंबर. सकाळी साडेदहा.

रोजनिशी सुरू. आधीच्या तीन रोजनिश्या एक जानेवारीला सुरू केल्या म्हणून बंद पडल्या. नोव्हेंबर चांगला.

कारण असं, की घरात एक महत्त्वाची गोष्ट घडते आहे आणि ती ओळखायची नजर घरात फक्त माझ्याकडे आहे. आकांक्षा, आमची मुलगी, वय सतरा, बारावी सायन्स, चित्र काढते आहे. साधंसुधं नाही. तीन फूट बाय दोन फूट, टेपने मोजलं. बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडशेजारी उभं केलंय. घोडा आणि वर घोडेस्वार. स्वार पाठमोरा, आपल्यापासून लांब चाललाय.

बोर्डाच्या वर्षात हे काय म्हणून ओरडणारच होतो. वसुंधरा म्हणाली, अहो, डोकं हलकं होतं त्याने, काढू दे. ठीक. रोज अर्धा तास मंजूर केला. बाकी प्लॅन पक्का: बारावीला पंच्याण्णव टक्के, मग इथलंच मस्कतचं इंजिनिअरिंग कॉलेज, मेकॅनिकल, घरून जाऊन-येऊन. पोरगी आणखी चार वर्षं डोळ्यांसमोर. बास, मला दुसरं काही नको. यात बदल होणार नाही हे सगळ्यांना सांगून ठेवलंय.

संकल्प: रोज लिहिणे. गोड बंद.

शनिवार, ९ नोव्हेंबर.

चित्र नीट तपासलं. मी रुसैलला पाण्याच्या टाक्यांच्या फॅक्टरीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. वीस फुटांवरून केसाएवढी चीर पकडतो. टाकी काय, चित्र काय, बघणं सारखंच.

ऑब्झर्वेशन एक. स्वाराच्या अंगात पांढरी दिशदाशा, इथले लोक घालतात तो पायघोळ झगा. डोक्याला मस्सर, म्हणजे इथला फेटा, गुंडाळलेला, त्याचा शेव पाठीवर कमरेपर्यंत सोडलेला. गेल्या नॅशनल डेला ऑफिसात मी नेमका हाच वेष केला होता. फोटो फ्रिजवर आहे, पोरगी रोज बघते.

ऑब्झर्वेशन दोन. उजवा खांदा किंचित खाली. माझा तसाच आहे. आमच्या घराण्यातच आहे ते, आकांक्षाचाही तसाच आहे.

ऑब्झर्वेशन तीन. बसण्यातला ताठपणा.

निष्कर्ष: घोड्यावरचा तो मीच. कंबर जरा बारीक काढली आहे, पण मुली बापाला आदर्श रूपात बघतात.

डोळे भरून आले. वसुंधरेला वाटलं, कांदा.

मंगळवार, १२ नोव्हेंबर.

आकांक्षाला आडून आडून विचारलं, स्वार कोण गं. एकदम लाल झाली. म्हणाली, कोणी नाही बाबा, जस्ट समवन. मी म्हटलं, मला कळलंय. तिच्या हातातून ब्रशच पडला. काय कळलं, म्हणाली. मी म्हटलं, योग्य वेळी बोलू. नीट जेवली नाही. भावनाप्रधान आहे, माझ्यावर गेली.

डोक्यावरचा मस्सर कालपेक्षा जाड झालाय. सारखी रंग चढवते आहे त्यावर.

गुरुवार, १४ नोव्हेंबर.

काळजीची बाब. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत आहेत.

हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शाळेच्या सहलीत पुतळ्यासमोर उभं करून गुरुजी सांगतातच. दोन्ही पाय वर, तर स्वार लढाईत कामी आला. एक पाय वर, तर जखमा होऊन गेला. चारही पाय जमिनीवर, तर अंथरुणात. आणि माझ्या पोरीने दोन्ही वर काढलेत!

तिला काही दिसलंय का?

हाफ डे टाकून रुवीच्या क्लिनिकमध्ये. बीपी, शुगर, ईसीजी, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, त्रास नक्की कशाचा होतोय. मी म्हटलं, घोड्याचा. त्यांनी बीपी परत घेतलं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर.

यूनुसकडे गेलो. हमरियात त्याचं फ्रेमचं आणि ट्रॉफ्यांचं दुकान आहे. तो दाभोळचा, मी खाडीपलीकडचा. मस्कतला उतरलो त्या आठवड्यापासूनची दोस्ती. घरी सांगत नाही ते त्याला सांगतो. डोळे मिटून विश्वास ठेवावा असा एकच माणूस.

पायांचं सांगितलं तर हसायलाच लागला. म्हणाला, अरे धनंजय, घोडा धावतोय तर पाय वर घेणारच ना, खाली ठेवून धावतो काय? आणि पुतळे करणारे असलं काही बघत नाहीत, तुझ्या गुरुजींनी थाप मारली. यूनुसने आयुष्यभर लोकांच्या चित्रांना चौकटी मारल्या, आत काय आहे ते कधी बघितलं नाही. जाऊ दे. मग हळूच म्हणाला, आकांक्षा तुझ्याशी काही बोलली का? मी म्हटलं, तिने बोलायची गरज नाही, मी तिला पुस्तकासारखी वाचतो. त्याने चहा मागवला आणि माशांच्या भावावर बोलत बसला.

घरी येताना उलगडा झाला. कामी आला म्हणजे मेलाच असं कुठे आहे? ह्या उन्हात बाप कुटुंबासाठी कामी आला, असं पोरीला म्हणायचंय. चित्राचा अर्थ: गल्फच्या रणांगणावरचा बाप. केवढी खोल मुलगी!

तरी एक पाय खाली घेतलेला बरा. जखमी चालेल.

रविवार, २४ नोव्हेंबर.

पायाची सूचना अधिकृतपणे दिली. आकांक्षा म्हणाली, नो बाबा, मग तो घोडा थांबेल ना. मला थांबवायचा नाहीये. मी म्हटलं, थांबू दे की, उन्हातान्हात कुठे चाललाय? तर म्हणाली, ते त्याला बघू दे.

उद्धटपणा. वयाचा दोष.

आमच्या कामात पद्धत आहे. एखाद्या मालाबद्दल शंका निघाली की तिचा निकाल लागेपर्यंत त्यावर पिवळा 'होल्ड' स्टिकर लावायचा, म्हणजे तो चुकून बाहेर जात नाही. बॅगेत रोल होताच. लावला. पायावर लावला असता तर पायच झाकला गेला असता, म्हणून स्वाराच्या डोक्यावर लावला. तिथे रंग छान सपाट आहे. अंगठ्याने घट्ट दाबला.

सोमवार, २५ नोव्हेंबर.

आकांक्षा शाळेतून आली, स्टिकर बघितला आणि सर्रकन ओढला. (असा ओढायचा नसतो. हेअर ड्रायरने गरम करतात.) स्टिकरबरोबर मस्सर सोलून निघाला. अख्खा.

रडली. खोलीचं दार लावून घेतलं. वसुंधरा दोन वाक्यं बोलली, ती इथे लिहीत नाही.

मी मात्र शांतपणे समजावलं. दार बंद असल्यामुळे बाहेरून. म्हटलं, दोष स्टिकरचा नाही. खालचा रंग ऑइलचा, गुळगुळीत. त्यावर तू घाईघाईने ॲक्रिलिक मारलास. पकड बसणारच नाही. आधी पॉलिश पेपर मारायला हवा होता. आतून काही उत्तर नाही. चूक कळली की माणूस गप्प होतो.

पण गंमत अशी की मस्सरच्या खाली आधीच काहीतरी काढलेलं निघालं. डोक्यापासून कमरेपर्यंत लांब काळा पट्टा, पीळ घातल्यासारखा. टोकाला लाल काहीतरी.

बुधवार, २७ नोव्हेंबर.

ती आयाळ आहे. जोराचा वारा असल्यामुळे घोड्याची आयाळ मागे उडून स्वाराच्या पाठीवर आली आहे. घोड्याची आयाळ भुरी आणि ही काळी, हे खरं. सावली पडली की भुरं काळं दिसतं. लाल म्हणजे मावळतीचं ऊन.

आकांक्षाला हे उलगडून सांगितलं. तिने ब्रश पुसून ठेवला. मग म्हणाली, ओके बाबा. परत मस्सर काढणार का विचारलं. नको म्हणाली, आता असंच राहू दे. वसुंधरा कपाळावर हात मारून आत गेली. गणित शिकवून शिकवून बाईचं कलेचं अंग सुकलं.

शुक्रवार, १० जानेवारी.

मध्ये लिहिणं झालं नाही. कामाचा लोड. गोडाबद्दल बोलायला नको.

आज यूनुस घरी आला, दोन मोठे दिवे आणि कॅमेरा घेऊन. चित्राचे फोटो काढले. पुढून, बाजूने, जवळून. विचारलं कशाला, तर म्हणाला, फ्रेमचं माप. पंचवीस वर्षं हा माणूस टेपने माप घेतो. मी चहा घेऊन आलो तर तो आणि वसुंधरा बोलता बोलता गप्प झाले. आकांक्षाने लॅपटॉप मिटला.

माझ्या नजरेतून काही सुटत नाही. काहीतरी शिजतंय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.

एसी बिघडला म्हणून फॅक्टरी लवकर सुटली. घरी आलो तर आकांक्षा चांगला कुर्ता घालून लॅपटॉपसमोर. स्क्रीनवर तीन अनोळखी माणसं. त्यातली एक बाई इंग्लिशमध्ये विचारत होती, हा घोडा कुठे निघालाय. मला बघून वसुंधरेने मला स्वयंपाकघरात ओढलं. म्हणाली, रमण सरांनी ठेवलीय ऑनलाइन काहीतरी. रमण सर म्हणजे आकांक्षाचे आर्टचे सर, केरळचे, सज्जन माणूस.

भांडी घासताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथल्या मराठी मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम यंदा दोन मेला. मी मस्कतला उतरलो तो दिवस दोन मे दोन हजार. पंचवीस वर्षं! माझा सत्कार आहे. सरप्राइज. त्यात चित्राचं अनावरण. म्हणून फोटो, म्हणून ही कुजबुज. स्क्रीनवरचे तिघे म्हणजे डेकोरेशनवाले असणार.

ठरवलं: काही कळलं नाही असं दाखवायचं. अवघड आहे, आतून उकळ्या फुटतायत.

शनिवार, २२ मार्च.

आज थोडक्यात निभावलं. आकांक्षा पेपरचा अभ्यास करत होती. वसुंधरा समोर येऊन बसली. म्हणाली, अहो, आकांक्षाबद्दल एक बोलायचंय, किती दिवस टाळतेय. मी तोंडावर बोट ठेवलं. म्हटलं, काही सांगू नकोस, मला सगळं माहीत आहे.

ती पांढरीफटक पडली. सगळं? म्हटलं, सगळं. यूनुस, फोटो, ते लॅपटॉपवरचे लोक. ती म्हणाली, आणि तुम्हाला चालणार आहे? मी म्हटलं, अगं, चालणार काय, माणसाला आयुष्यात आणखी काय हवं असतं!

वसुंधरा रडायलाच लागली. म्हणाली, मला वाटलं नव्हतं हो, तुम्ही इतकं मोठ्या मनाने घ्याल. आकांक्षा येऊन गळ्यात पडली. लहान होती तेव्हा पडायची तशी. खीर झाली, दोन वाट्या खाल्ल्या.

एका सत्काराचं ह्या दोघींना केवढं ते टेन्शन.

मंगळवार, १५ एप्रिल.

देवेशचा फोन. देवेश म्हणजे मंडळाचा सेक्रेटरी. म्हणाला, दोन तारखेला मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे, प्रत्येक मुलाच्या पालकांनी चित्राबद्दल दोन मिनिटं बोलायचं, याल ना? काय सफाईने लपवतो! मी पण साळसूदपणे म्हटलं, बघू, वेळ मिळाला तर.

भाषण लिहून काढलं. अकरा पानं. विषय: पाठमोरा बाप. लंच टाइममध्ये यार्डातल्या मोठ्या टाकीत डोकं घालून सराव करतो. आवाजाला गांभीर्य येतं. आज टाकीतून डोकं वर काढलं तर बंगाली हेल्पर प्रार्थनेला उभे असल्यासारखे हात बांधून उभे.

शुक्रवार, २ मे. सकाळ.

दाढी दोनदा केली. शाल पांघरताना चुरगळू नये म्हणून कडक इस्त्रीचा सदरा. आकांक्षाने विचारलं, बाबा, यू आर शुअर ना? आय मीन, तू हॅपी आहेस ना? मी म्हटलं, आजच्याइतका कधीच नव्हतो. तिने माझी कॉलर नीट केली.

आज गंगेत घोडं न्हाणार.

शनिवार, ३ मे.

विश्वासघात. दुसरा शब्द नाही.

क्रमाने लिहितो. हॉलमध्ये साठेक माणसं. चित्र बरोबर मधोमध, यूनुसच्या फ्रेममध्ये. देवेशने माझं नाव पुकारलं, दोन मिनिटं म्हणाला. मी अकरा पानं काढली. पान दोनवर रणांगण आलं. पान चारवर आयाळ आली. मागून यूनुस गळ्यावरून आडवा हात फिरवत होता. मला वाटलं, आवाज वाढव म्हणतोय. वाढवला. पान सहावर यूनुसची बायको, नसीबाभाभी, तोंडाला ओढणी लावून खाली बघत होती. गहिवरली असं वाटलं. पान सातवर देवेशने माइक काढून घेतला आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.

मग सत्कार. मी बाजूला सरकलो नाही, शालीला सोपं पडावं म्हणून. देवेश म्हणाला, आणि आता आनंदाची बातमी. आपली आकांक्षा पुण्याच्या आर्ट कॉलेजला सिलेक्ट झाली आहे, जुलैमध्ये जाते आहे, टाळ्या! सगळ्यात आधी मीच वाजवल्या. चार-पाच वाजल्यावर हात थांबले.

शाल तिला. नारळ तिला.

त्यानंतर चित्राखालचं कार्ड वाचलं. मी लेबल वाचून माल बघत नाही, त्यामुळे आधी वाचलं नव्हतं. लिहिलं होतं: सेल्फ-पोर्ट्रेट, आकांक्षा धनंजय आंबर्डेकर. रमण सर शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, युनिफॉर्म, सर. व्हाइट कुर्ता.

म्हणजे दिशदाशा नव्हती. आयाळही नव्हती. वेणी. शाळेची लाल रिबीन.

माझी पंचवीस वर्षं कोणाच्या लक्षातसुद्धा नव्हती.

रविवार, ४ मे.

घरात अबोला. मी धरलेला. तरी वसुंधरा बोललीच. म्हणाली, तुम्हीच म्हणालात ना सगळं माहीत आहे? मी म्हटलं, मला काय माहीत होतं ते तू विचारायला हवं होतंस. म्हणाली, विचारायला तोंड उघडलं की तुम्ही घोडा समजावून सांगता. सहा महिने ही पोर तुमच्याशी बोलायला येतेय आणि तुम्ही तिला पाय मोजून दाखवताय. सतरा वर्षांची मुलगी तुमच्यापासून लांब जातानाचं चित्र काढते, आणि तुम्हाला त्यात तुम्ही दिसता! कमाल आहे हो तुमची.

बायकांना मूळ मुद्दा कळत नाही. मूळ मुद्दा हा की मला फसवलं. बायकोने फसवलं, पोरीने फसवलं, दोस्ताने कॅमेरा लावून फसवलं. लॅपटॉपवरच्या त्या कॉलेजच्या तीन माणसांना, ज्यांनी माझ्या पोरीला उभ्या जन्मात बघितलं नव्हतं, त्यांना आधी कळलं. आणि बाप घरात आला तर त्याला भांडी घासायला लावली.

पाणी प्यायलो. झोप नाही.

मंगळवार, ६ मे.

रागाने काही होत नाही. पद्धतशीर जायचं. कॉलेजला पालकाच्या सहीचा फॉर्म लागतो, हे तिच्या टेबलावरच्या कागदात बघितलं. म्हणजे घोडं आता माझ्या दारात अडलंय. मी सही करणार नाही. ओरडणार नाही, भांडणार नाही. फक्त सही नाही. सही नाही तर पुणे नाही. पोरगी इथेच. चार वर्षांनी मला दुवा देईल.

जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. आकांक्षा ताटावरून उठली. भात तसाच.

तिच्या भल्यासाठी आहे सगळं.

शनिवार, १० मे.

यूनुसने तीन फोन केले, घेतले नाहीत. मग दारातच उभा. आत घेतलं, पण पंखा लावला नाही.

म्हणाला, मला शिव्या घाल, चालेल. पण पोर माझ्या दुकानात येऊन रडली होती, बाबाला सांगायची हिंमत नाही म्हणून. मी काय करणार होतो? तिला घरी पाठवून दरवाजा लावू? मी म्हटलं, मला सांगायचं. म्हणाला, सांगायला बसलो होतो. तू म्हणालास, पुस्तकासारखी वाचतो.

मी म्हटलं, असू दे, आता सहीवर सगळं आहे. यूनुस म्हणाला, कसली सही? आणि वसुंधरेकडे बघितलं.

वसुंधरेने फॉर्म आणून दाखवला. आई किंवा वडील, असं छापलंय. सही आहे. वसुंधरा धनंजय आंबर्डेकर. तारीख पंचवीस मार्च. त्या खिरीनंतर तिसऱ्या दिवशी.

चार दिवस मी कशावर बसून होतो?

मंगळवार, १३ मे.

बारावीचा निकाल. सत्त्याण्णव टक्के. फिजिक्समध्ये अठ्ठ्याण्णव. इथल्या कॉलेजने लाल गालिचा घातला असता.

अभिनंदन केलं. थँक्स बाबा म्हणाली आणि थांबली, मी पुढे काही बोलेन म्हणून. मी पेपर वाचायला घेतला. कालचा होता.

शुक्रवार, २० जून.

बॅगा आल्या. घरात सगळीकडे ढीग. लोणचं, थर्मास, उशी. यूनुस आकांक्षाला ब्रशचा सेट देऊन गेला. मी काय द्यावं कळेना. नवीन टेप दिली, पाच मीटरची. म्हटलं, हॉस्टेलच्या खोलीचं माप घे, पलंग कुठे बसतो ते बघ. तिने ती लगेच पर्समध्ये टाकली.

संकल्प: एअरपोर्टवर जायचं नाही. माणसाला स्वाभिमान असतो.

रविवार, १३ जुलै.

गेल्या दोघी. वसुंधरा तिला हॉस्टेलला लावून महिन्याने येईल. मी सकाळी नेहमीच्या बसने रुसैलला आलो. ऑडिट आहे असं सांगितलं. ऑडिट सप्टेंबरात आहे.

साडेअकराचं विमान. साडेअकराला यार्डात उभा होतो. वरून विमानं जातात, पण कुठलं कोणाचं ते कळत नाही. उगाच सगळ्यांकडे बघत बसलो. ऊन डोळ्यात गेलं.

संध्याकाळी सुपरवायझरने दाखवलं, दुपारी मी पास केलेल्या एका टाकीला बोटभर चीर होती. सरळ समोर. नोकरीत पहिल्यांदा. तो म्हणाला, सर, तब्येत ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे.

शुक्रवार, १८ जुलै.

चित्र हॉलमध्ये लावलं. यूनुस येऊन खिळा मारून गेला. त्याच्याशी बोललो नाही. चहा दिला, खारी दिली. जाताना म्हणाला, सरळ आहे का बघ. सरळ होतं.

दुपारी आकांक्षाचा फोन. खोली बरी आहे, पलंग खिडकीशी बसवला, जेवणात बटाटा फार. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलं. म्हटलं, पाठमोरी का काढलीस गं? चेहरा दाखवला असतास तर माझी साठ माणसांसमोर शोभा झाली नसती.

मराठी शब्द शोधत असली की थांबते, तशी थांबली. मग म्हणाली, चेहरा काढला असता तर तू मला ओळखलं असतंस, बाबा. आणि मग जाऊ दिलं नसतंस.

मी म्हटलं, नसतंच दिलं.

हसली. म्हणाली, म्हणूनच.

फोन ठेवून चित्रासमोर बसलो. पहिलीपासून बारावीपर्यंत रोज सकाळी सव्वासहाला शाळेच्या बसपर्यंत तिला मीच सोडायचो. वसुंधरा डबे भरत असायची. बारा वर्षं. पांढरा युनिफॉर्म, लाल रिबीन, बसची उंच पायरी. वळून हात करायची तिला सवय नव्हती, आणि मी बस वळणापलीकडे जाईपर्यंत तिथेच उभा असायचो. तिचा चेहरा आईने जास्त बघितला असेल. पाठ मी बघितली.

सहा महिने ती माझ्या बाल्कनीत होती, हात लागेल इतकी जवळ. ओळखली नाही.